मामांच्या कपाळावरचं पाणी

९ ऑक्टोबर

मामांच्या यकृतात गाठ आहे आणि आता उपाय नाही. डॉक्टरांनी हे आईला सांगितलं, आईने बाबांना, आणि बाबांनी जेवताना मला. मामांना कुणीच सांगितलेलं नाही. पण आज मी इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी जाताच ते म्हणाले, "काय गं सुनरे, बर्फ पडेपर्यंत टिकतोय का मी?" सुनरे हे माझं घरचं नाव; बाप्तिस्म्याचं आगाथा मामांच्या जिभेवर कधी बसलं नाही. मी काहीतरी पुटपुटले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. असं पुटपुटणं पापात धरतात का, हे शनिवारी फादरांपुढे पापनिवेदनात विचारायला हवं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. जन्मभर त्यांनी थडग्यांसाठी जागा पाहिल्या. डोंगराची पाठ कुठे वळते, पाणी कुठून झिरपतं, वारा कुठे अडतो हे बघून मेलेल्याला कुठे ठेवायचं ते सांगायचं, आणि लोकांनी माना डोलवायच्या. मला या धंद्याची शिसारी आहे. मेलेला झोपतो कुठे याची एवढी चौकशी, आणि तो जातो कुठे याची काहीच नाही.

त्यांचा एकुलता मुलगा मासेमारीच्या जहाजावर आहे, दक्षिणेकडच्या कुठल्याशा समुद्रात. मामी वारल्या. म्हणून मी शिकवते ती बालवाडी दुपारी सुटली की मी त्यांच्याजवळ बसायचं असं ठरलं. बाबा म्हणाले, "बसायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही, आगाथा." मला कळलं.

१२ ऑक्टोबर

वॉर्डात रोज एक बाई येतात, बसस्थानकासमोरच्या त्या मोठ्या प्रॉटेस्टंट चर्चच्या. प्रत्येक खाटेवर कागदी रुमालांचं पाकीट ठेवतात. त्यावर चर्चचा फोन नंबर आणि खाली छापलेलं: येशूवर विश्वास ठेवाल तर स्वर्ग, नाही तर नरक. मामांना त्या म्हणाल्या, आजोबा, आता तरी या. मामांनी पाकीट फोडलं, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा नरक फार मऊ आहे. अजून एक ठेवून जा."

मला हसू आलं आणि लगेच शरमले. बाईंची रीत भिकारडी आहे यात शंका नाही. श्रद्धा काय साबणाच्या नमुन्यासारखी वाटायची असते? पण त्या सांगतात ते, नीट पाहिलं तर, बाबाही सांगतात. बाबा रुमाल देत नाहीत एवढंच.

१५ ऑक्टोबर

आमच्या घराण्यात बाबांच्या खापरपणजोबांचं डोकं, ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा, श्रद्धेपायी उडवलं गेलं. हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत आहे. शाळेत मी उशिरा गेले. त्याआधी बाबा मला चुलीपाशी बसवून धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घेत. माझं वाचन तिथे झालं, आकडेही तिथेच: आज्ञा दहा, संस्कार सात. मामा तेव्हा यायचे, वळचणीला बसून ऐकायचे आणि जाताना माझ्या हातात तिळाची वडी ठेवून म्हणायचे, पोपटाला खाऊ.

आईचं सगळं माहेर बाहेरचं, म्हणजे बाप्तिस्मा न झालेलं. आई लग्नाआधी ख्रिस्ती झाली. तिचे आईवडील मात्र तसेच गेले. बाबा जेवणाआधीच्या प्रार्थनेत पुष्कळदा म्हणतात, हे प्रभू, जे अंधारात गेले त्यांच्यासाठी आता उशीर झाला आहे, पण उरलेल्यांना जाग दे. आई भात वाढत असते. मला ही प्रार्थना योग्य वाटते. फक्त, ती म्हणताना बाबांनी आईकडे बघू नये असं कधीकधी वाटतं.

१८ ऑक्टोबर

पापनिवेदनाला गेले होते. फादर ग्वॉन तरुण आहेत, गिटार वाजवतात, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर म्हणजे हसू. मी विचारलं, मामा नाही म्हणतात, मग त्यांचं काय होणार? ते म्हणाले की ज्याला ख्रिस्त कळलाच नाही पण जो सद्सद्विवेकाने जगला, त्याचंही तारण होऊ शकतं, असं आता ख्रिस्तसभाच सांगते.

ज्याला कळलाच नाही, ठीक. मामांना कळला आहे. त्यांनी चुलीपाशी बसून सबंध प्रश्नोत्तरी ऐकली आहे आणि वर तिळाची वडी दिली आहे. हे मी सांगितलं तर फादर म्हणाले, ऐकणं आणि कळणं यात फरक असतो.

फादर ग्वॉन यांचा स्वर्ग म्हणजे आमच्या तालुक्याचं बसस्थानक आहे. दार नाही, तिकीट बघणारा नाही, कुणीही यावं, बाकावर बसावं. मग खापरपणजोबांनी मान कशाला दिली? सद्सद्विवेकाने जगून घरी म्हातारे झाले असते. हे मी बोलून दाखवलं नाही. पाळकाविषयी तुच्छ विचार केला हे मात्र पुढच्या वेळी सांगावं लागेल, आणि तेही त्यांनाच.

२१ ऑक्टोबर

मामांशी सरळ बोलले. म्हटलं, देव आहे, तो चांगल्याला बक्षीस आणि वाईटाला शिक्षा देतो, तो एकात तीन आहे, आणि त्याचा पुत्र आपल्यासाठी मेला. मरणाच्या दारात एवढं मान्य केलं तरी पुरतं, मग कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, मीसुद्धा.

"एवढंच?" मामा म्हणाले. "मी एक थडगं बघायला याहून जास्त चौकशी करतो."

म्हटलं, मामा, थट्टा नको.

"थट्टा कुठे? समज, मी हो म्हटलं आणि पोचलो. तिथे तुझे ते खापरपणजोबा मुंडकं मांडीवर घेऊन बसले असणार. मला विचारतील, काय पाव्हणं, तुम्ही काय दिलंत? मी काय सांगू, भाचीने डोकं धुऊन दिलं?" मग खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आणि तुझी मामी तिथे नाही. माझे आईबाप नाहीत. अनोळखी लोकांत मला जेवण जात नाही, सुनरे. तुला माहीत आहे."

हा युक्तिवाद नाही, हट्ट आहे. मग ते चेष्टेने म्हणाले, "बरं, मी बेशुद्ध झालो की तू पाणी टाकणारच आहेस. टाक. डोकं भिजून कुणी मरत नाही."

घरी येऊन बाबांना शब्दन् शब्द सांगितला. बाबांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, ही संमती धरता येईल.

धरता येईल? मला रात्रभर ते पटत नव्हतं. पण बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

२२ ऑक्टोबर

आज आई भाजी निवडताना विचारत होती, बाप्तिस्म्याला किती पाणी लागतं. तिने असे प्रश्न कधी विचारलेले नाहीत, म्हणून मला बरं वाटलं. मी सांगितलं, थोडंसंही चालतं, पण कपाळावरून वाहायला हवं. तिने विचारलं, पाणीच लागतं का? दुसरं काही चालत नाही? मग मी तिला लहानपणी बाबांनी घोकून घेतलेलं सगळं म्हणून दाखवलं. विहिरीचं चालतं, पावसाचं, समुद्राचं, वितळलेल्या बर्फाचं चालतं. दूध नाही, दारू नाही, सूप नाही, भाताच्या खरपुडीचं पाणी नाही, चहा नाही. जे पाहून लोक पाणी म्हणतील तेच.

"आणि तसं नसलं तर?"

तर काहीच झालं नाही असं समजायचं, मी म्हटलं. आई म्हणाली, तुझ्या लक्षात बरं राहतं. मग तिने मुळा उचलला. आईला एवढ्या साध्या गोष्टी अजून माहीत नाहीत, याचं वाईट वाटलं. बाबा तिला शिकवून थकले असतील.

२६ ऑक्टोबर

मामा पिवळे पडलेत. मी आईला सांगितलं आहे की बाप्तिस्म्यासाठी लहान स्टीलच्या थर्मासात रोज सकाळी साधं, उकळून गार केलेलं पाणी भरून दे. मोठ्या थर्मासात आम्ही नेहमी पाण्याऐवजी पितो तो भाजलेल्या जवाचा चहा असतो, त्यात घोळ व्हायला नको. आई रोज दोन्ही भरून ठेवते.

आज गेले तेव्हा आई आधीच तिथे होती. मामा पांघरुणावर बोटाने काहीतरी काढत होते, डोंगराची कड असावी, आणि आई वाकून बघत होती. मला पाहून दोघं थांबले. मामा म्हणाले, "आली बघ मुंडकेवाल्यांची पोर." आई हसली. आई इतकं मोकळं हसलेली घरी मी पाहिलेली नाही. मृत्यूच्या खाटेजवळ हे शोभत नाही.

३० ऑक्टोबर

एक गोष्ट लिहूनच टाकते. मला मामांचं तारण हवं आहे की बाबांनी सगळ्यांसमोर "आगाथाने केलं" असं म्हणायला हवं आहे? दुसरं असेल तर मी त्या रुमालवाल्या बाईंहून नीच आहे. त्या निदान रुमाल तरी देतात.

पण मग मामांनी मला पोपट म्हणून दिलेली वडी आठवते, आणि ते आगीत आहेत असं डोळ्यांसमोर येतं, आणि मी रात्री उठून दिवा लावते. बाबांना आजोबा-आजींचं असं दिसत नसेल का? दिसत असेल तर ते जेवतात कसे?

३ नोव्हेंबर

झालं.

दुपारी मामांचा श्वास घरघरायला लागला. हाक मारली, ओळख नाही. कानात चारही गोष्टी सांगितल्या, हळू आणि स्पष्ट. विचारलं, मान्य आहे का? हनुवटी हलली. श्वासाने हलली की हो म्हणून, मला कधीच कळणार नाही. लहान थर्मासच्या झाकणात घाईत, न बघताच ओतलं, अर्धं सांडलं. कपाळावर तीनदा धार धरली आणि म्हटलं, योसेफ, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. योसेफ हे नाव बाबांनी ठरवलं होतं, चांगल्या मरणाचा संत म्हणून.

तासाभराने मामा गेले.

नर्सने उशी काढली तेव्हा पांढऱ्या अभ्र्यावर तपकिरी डाग होता. मला वाटलं रक्त. वाकून पाहिलं तर वास आला, भाजलेल्या जवाचा.

थर्मास उघडून मी पुन्हा वास घेतला. मग चाखून पाहिलं. जवाचा चहा.

४ नोव्हेंबर, सकाळी

आईला विचारलं. ती मामांच्या घरी अंगणात भेटायला येणाऱ्यांसाठी घातलेल्या तंबूत मुळ्याच्या फोडी करत होती. म्हणाली, "सवयीने हात गेला असेल." बस, एवढंच, आणि पुढचा मुळा घेतला. सख्ख्या भावाच्या आत्म्याचा प्रश्न आणि सवयीने हात गेला. चौदा माणसांच्या सणाच्या स्वयंपाकात जिचं मीठ कधी चुकत नाही, तिला दोन थर्मास सांभाळता आले नाहीत.

इकडे बाबांनी सगळीकडे कळवून टाकलं आहे. दारावर क्रूस लागला आहे. प्रार्थनामंडळाच्या वेरोनिकामावशी आपल्या बायका घेऊन हजर आहेत. मृतांसाठीची दीर्घ प्रार्थना दोन रांगांत बसून आळीपाळीने आळवताहेत आणि मध्ये मध्ये सूप पिताहेत. मावशींनी मला मिठीत घेतलं: "अगं, मला सात वर्षांत एवढा अवघड गडी नाही मिळाला. नशीबवान गं बाई." जणू मी कोंबडा पकडला.

मामांचा मुलगा जहाजावरून इतक्यात पोचत नाही, म्हणून बाबांनीच ठरवलं आहे की उद्या मामांना चर्चच्या दफनभूमीत न्यायचं. ती डोंगराच्या उत्तरेच्या उतारावर आहे आणि खाली झरा आहे. मामा तिला बेडकांची वाडी म्हणायचे, तिथे मेलेल्यांनाही संधिवात होतो म्हणायचे. त्यांची स्वतःची जागा पलीकडच्या डोंगरावर मामींच्या शेजारी आहे, मामींना ठेवलं तेव्हाच राखलेली. गावातले म्हातारे त्यावरून कुरकुरत होते. बाबा त्यांना म्हणाले, बाप्तिस्मा झालेला माणूस आमचा.

झालेला.

४ नोव्हेंबर, दुपारी

फादर ग्वॉनकडे धावत गेले. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहिते. म्हणाले, पातळ चहाबद्दल धर्मपंडितांत मतभेद आहेत, तेव्हा शंका राहते. मग म्हणाले, "आगाथा, तुझ्या मामांचं तारण थर्मासवर अडलेलं नाही."

मी विचारलं, मग वसंतात तुम्ही आम्हा सगळ्यांना बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करायला का लावलेत?

त्यांनी उलट मलाच विचारलं, मामांची स्वतःची इच्छा काय होती? मला चीड आली. इच्छा विचारून कुणाला वाचवतात का? बुडणाऱ्याला विचारतात का? पण रस्ताभर तेच डोक्यात होतं, अनोळखी लोकांत मला जेवण जात नाही.

५ नोव्हेंबर

काल संध्याकाळी सांगितलं. तंबूत, सगळ्यांसमोर, कारण बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबा, ते पाणी नव्हतं, जवाचा चहा होता.

प्रार्थना थांबली. वेरोनिकामावशींची वाटी ओठांपाशीच राहिली. बाबा शांतपणे म्हणाले, "जव पाण्यातच उकळतात. आपण घरात त्याला पाणीच म्हणतो. कुणी पाणी मागितलं तर काय देतो आपण?"

हे बाबांचे शब्द आहेत यावर माझा विश्वास बसेना. मी चुलीपाशी चुकले की ज्यांनी माझ्या तळव्यावर छडी मारली, ते हेच? मी हात मांडीवर ठेवले आणि तेव्हा म्हणायचे तसं म्हटलं. विहिरीचं चालतं. पावसाचं चालतं. समुद्राचं चालतं. सूप नाही. खरपुडीचं पाणी नाही. चहा नाही.

गावचा कुणीतरी म्हातारा मागून म्हणाला, पोरगी बापाहून कडक निघाली. कुणीतरी हसलं. बाबा उठले, दारावरचा क्रूस काढला, रुमालात गुंडाळला.

"मग तो आमचा नाही," ते म्हणाले. "न्या त्याला हवा तिथे."

प्रार्थनामंडळाच्या बायका चपला शोधायला लागल्या. वेरोनिकामावशींनी जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पिशवीतून काही काढून घेतलं. रुमालवाल्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मला एक पाकीट दिलं. मी घेतलं.

आईने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि तिरडी वाहणाऱ्यांच्या प्रमुखाला बाहेर बोलावून काही सांगितलं. आज सकाळी वर पोचलो तर खड्डा तयार होता. कडा सुकलेल्या होत्या, म्हणजे काल सकाळीच खणला असावा. गावच्या लोकांचा आगाऊपणा बघा, बाबांनी हो म्हणायच्या आधीच.

बाबा आले नाहीत. आई रडली नाही. मामांना मामींच्या शेजारी ठेवलं. माती लोटत असताना मी शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाच्या वाटेवर थांबलेल्या, आत्म्यांची प्रार्थना म्हणायला लागले आणि मध्येच थांबले, कारण त्यांना ती लागू आहे की नाही मला माहीत नाही. मग म्हणाले, लागू असेल तर. देवाने अशी सशर्त प्रार्थना ऐकली तर मला त्याचं नवल वाटेल.

९ नोव्हेंबर

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवणाआधीची प्रार्थना छोटी झाली आहे. जे अंधारात गेले, तो भाग ते गाळतात. माझ्यावरच्या रागाने गाळत असावेत. आईने आज दुसऱ्यांदा भात घेतला.

फादर ग्वॉन यांनी रविवारच्या मिस्सेत, चर्चच्या उपासनेत, मामांसाठी प्रार्थना केली, बाप्तिस्म्याचं नाव न घेता, नुसतं त्यांच्या स्वतःच्या नावाने, प्यो गिल-मुन म्हणून. अर्धी मंडळी वळून आमच्या बाकाकडे बघत होती. मी त्यांच्यावर रागावणार होते. पण ते नाव वेदीवरून आलं, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

२३ नोव्हेंबर

आईबरोबर डोंगरावर गेले. ती म्हणाली, नवी माती पावसाने वाहून गेली असेल, बघून येऊ. माती जागच्या जागी होती. मामांना जागा कळत होती, एवढं मान्य करावं लागेल. वारा वर शेंड्यात होता आणि खाली ऊन.

आईने दोन्ही उंचवट्यांवरची पानं काढली. मग मामांच्या दुसऱ्या बाजूला सपाट गवत आहे तिथे गेली आणि आडवी झाली. पाठ दुखते म्हणाली. मी म्हटलं, आई, थडग्यांजवळ झोपतात का कुणी? ओल लागेल. ती म्हणाली, इथे ओल नाही, दादाने दाखवलंय. ही जागा मामांच्या जहाजावरच्या मुलासाठी राखली असेल, मी म्हटलं. ती दोन्ही हात पोटावर ठेवून आभाळाकडे बघत होती.

मग तिने विचारलं, "इथून आपलं चर्च दिसत नाही ना गं?"

मला वाटलं तिला खंत वाटतेय. म्हटलं, मधे कड आहे, पण तू उभी राहिलीस तर चर्चच्या शिखरावरचा क्रूस दिसतो.

ती उठली नाही.